पोचल्याचा फोन

आबा मला कधी फोन करत नसत. त्यामुळे प्रयोगशाळेबाहेर ठेवलेल्या मोबाइलवर त्यांचं नाव दिसलं, तेव्हाच काहीतरी झाल्याचं कळलं. "आत्या गेली. झोपेतच," एवढंच ते म्हणाले.

आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती बऱ्हाणपूरजवळ बहादरपूरला आमच्याकडेच राहिली. आसपासच्या लग्नांत मांडे करायला तिला आग्रहानं बोलावत. ती शाळेत गेली नव्हती, पण आमच्या घरातली पहिली पदवीधर मी झाले ती तिच्यामुळे. बी.एस्सी.नंतर मला शिकायला इंदूरला जायचं होतं. एवढ्या लांब एकटी पोर, तिचं बरंवाईट आपल्याला कळणार कसं, असं आबांचं म्हणणं. आबा वाद घालत नसत, सरळ केळीच्या बागेत निघून जात. आत्या त्यांच्या मागोमाग बागेत गेली. "कुठं बी गेली तरी पोचल्याचा फोन करेल ती. नाही आला, तर घेऊन ये तिला परत," असं सांगून तिनं आबांना कबूल करवलं. माझं पुढचं शिक्षण त्या फोनवर उभं राहिलं. फोन मी करायचा ठरलं होतं खरं, पण तिला धीर नसे. मी बॅग खाली ठेवायच्या आत तिचाच यायचा. पोचली का? पोचले. मग बरं. इंदूरनंतर बंगळुरूलाही हेच चालू राहिलं.

मी प्रकाशाच्या कणांवर काम करते. लेसरचा झोत एका स्फटिकातून गेला की कधीकधी कणांची अशी जोडी निघते, की दोघांचं मिळूनच वर्णन करता येतं, एकेकट्याचं नाही. अशा दोन जोड्या, म्हणजे चार कण, एकदम हाती लागायला फार वाट पाहावी लागते. लागले, तर एका कणाची अवस्था लांबच्या दुसऱ्या कणावर उतरवता येते. कण स्वतः कुठे जात नाही. याला टेलिपोर्टेशन म्हणतात, आणि सिनेमात त्यानं माणसं इथून गायब होऊन तिकडे निघतात, म्हणून गावात याचं भलतंच झालं. तुमची पोर माणसं गायब करते म्हणे, आमच्या ह्यांना कर म्हणावं एकदा, असं शेजारच्या काकू आत्याला म्हणाल्या. आत्या हसली, पण तिला लोकांना खरं ते सांगायचं होतं.

गेल्या दिवाळीत मांडे भाजायचं खापर पुसता पुसता तिनं विचारलंच. मी सांगितलं, की इकडे मोजून काय आलं ते साध्या तारेनं तिकडे कळवावं लागतं. तोवर तिकडच्या कणाजवळ ती अवस्था असून नसल्यासारखी, तिचा अर्थ लागत नाही.

तिचा हात थांबला. "म्हणजे तुमच्यात बी फोन लागतोच."

"पण आत्या, तो पाठवणाऱ्यानं करायचा. पोचणाऱ्यानं नाही."

"मग? मीच तर करते तुला."

दुसऱ्या दिवशी काकूंना उत्तर मिळालं, की आमची पोर माणसं नाही, उजेडाची खबर पोचवते, आणि फोनशिवाय तिला बी ते जमत नाही. इतकं नेमकं मला आमच्या विभागातही सांगता आलेलं नाही.

तेरावं झाल्यावर आबांनी मला बऱ्हाणपूर स्टेशनवर सोडलं. गाडी सुटेपर्यंत ते खिडकीशी उभे होते. बंगळुरूला खोलीवर आले, बॅग ठेवली आणि सवयीनं मोबाइल हातात घेऊन बसले. आता कोण करणार...

तो वाजला. आबा होते.

"पोचली का?"

"पोचले."

हे त्यांना नवीन होतं.

"मग बरं," म्हणाले.