थोरलीचे केस

शवागाराच्या मागच्या दारातून धाकटी आत आली तेव्हा तिच्या हातात रोजचीच पिशवी होती. ब्लीचची पावडर, टोनरच्या दोन नळ्या, फॉइलची गुंडाळी, वाटी, ब्रश, टोकदार दांड्याचा कंगवा. सलूनमध्ये उमेदवारी धरली तेव्हापासून ही पिशवी तिच्या खांद्यावर होती. आज ती थोरल्या बहिणीकडे आली होती, आणि थोरली काल गेली होती.

शवागार सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याला सगळे अण्णा म्हणत. त्यांनी पिशवीकडे पाहिलं.

“फोनवर तुम्ही केस विंचरायचे म्हणालात.”

“विंचरायचेच आहेत. आधी रंगवायचे.”

“बाई, इथून पुढे कुणी मिरवायला जात नाही.”

“तिची पोर परदेशातून येतेय, दुपारी. मागच्या उन्हाळ्यापासून आईला पाहिलेलं नाही तिनं. तिला तिची आई दिसली पाहिजे.”

अण्णांनी हनुवटी खाजवली. “माझी गिऱ्हाइकं तक्रार करत नाहीत, एवढं एक बरं आहे.”

“माझी करतात. ही तर सगळ्यांत जास्त करायची.”

अण्णा हसले नाहीत, पण त्यांनी दिवा लावला आणि थोरलीला आतल्या खोलीतल्या टेबलावर आणलं. चादर छातीपर्यंत खाली घेतली. थोरलीच्या केसांची टोकं अजून सोनेरी होती, मागच्या रंगाची. पण मुळाशी चार बोटं मातकट तपकिरी, आणि त्यात पांढरं. दोन बायकांचे केस एकीच्याच डोक्यावर शिवल्यासारखे.

तपकिरी हाच दोघी बहिणींचा जन्माचा रंग. पावसाच्या पाण्यात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. थोरलीचे केस तिशीच्या आतच पिकायला लागले. धाकटी तेव्हा सलूनमध्ये नुकती लागली होती. फरशीवरचे केस झाडायचे, गिऱ्हाइकांची डोकी धुवायची. घरी आली की ती थोरलीला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवून हात साफ करायची. पहिल्या खेपेला थोरलीचं डोकं पिकल्या केळ्यासारखं झालं. थोरलीनं आठवडाभर रुमाल बांधला आणि आठवडाभर धाकटीचा उद्धार केला. पण पुन्हा स्टुलावर बसली. दुसरं कोण बसणार होतं?

धाकटी हळूहळू शिकली. एका रंगाचं डोकं म्हणजे टोप, हे तिला कुणी सांगितलं नाही, रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांकडे बघून कळलं. ऊन सगळ्या केसांना सारखं लागत नाही. कपाळाजवळच्या बटा आधी उजळतात, माथा मग, टोकं सगळ्यांत जास्त. मानेकडचे केस गडद राहतात, त्यांना ऊन शिवतही नाही. थंडी सरली की अंगण ज्या रंगाचं दिसतं तो रंग हवा. बारीक बटा उचलायच्या, दोऱ्याइतक्या, आणि मधल्या दोन सोडून द्यायच्या. चेहऱ्याजवळ मध, कानामागे गहू, आत सावली. झालं की बघणाऱ्याला वाटावं, ही बाई नुसती उन्हात बसली असेल. असं वाटायला लावायचं तर अर्धा दिवस हात खांद्याच्या वर धरून उभं राहावं लागतं. खांदा रात्री बोलतो. बोटांची कातडी फाटते ती फाटतेच, हातमोजे घाला नाहीतर घालू नका.

थोरलीला एका मोठ्या ऑफिसात दारासमोरच्या टेबलावर नोकरी लागली. तिथं कुणीतरी विचारलं, “हे केस मूळचेच का हो?” थोरली हो म्हणाली. एकदा हो म्हटलं की संपलं. मग शेजारणीला हो, पुढे लग्न झालं तेव्हा नवऱ्याला हो. नवरा बिचारा त्याच समजुतीत वारला. दर वसंतात मोठं काम, मधूनमधून मुळं, सगळं धाकटीच्या घरी, खिडकीचे पडदे ओढून. घरी निरोप एकच, “मावशीकडे जाऊन येते.” धाकटीच्या हातचं सगळ्यांत चांगलं काम गावभर हिंडत होतं आणि ते माझं म्हणून सांगायची सोय नव्हती.

मग दुखणं आलं. पाच महिने थोरली दवाखान्यात पडून होती. लेकीशी व्हिडिओवर बोलायची ती लोकरी टोपी घालून. “थंडी वाजते गं,” म्हणायची. शेवटी शेवटी तिनं धाकटीकडून रंगांचा नमुना-कागद मागवून घेतला, त्यावरच्या लहान लहान बटांवरून बोट फिरवलं.

“लोण्यासारखा नको. म्हातारी दिसते मी त्यात. यंदा मधाचा घे.”

“घरी आलीस की करू.”

“घरी नाही आले तरी. पोरीसमोर मला अशी ठेवू नकोस.”

धाकटीही हो म्हणाली. त्या घराला ती खोडच होती.

आता ती कामाला लागली. वाटीत पावडर कालवली, घट्ट दह्याइतकी. अण्णांनी मानेखाली लाकडी ठोकळा सरकवला आणि बादली खाली ठेवली. डोकं जड होतं. जिवंत माणूस डोकं वळवून देतो, हनुवटी खाली घेतो, हे धाकटीच्या कधी लक्षातही आलं नव्हतं. आज प्रत्येक बटेला ते वजन उचलावं लागत होतं. एक हात डोक्याखाली, एका हातात ब्रश, फॉइल दातात.

तिनं नेहमीसारखंच केलं. वाढलेल्या चार बोटांतला वरचा, टाळूपासून लांबचा भाग आधी लावला आणि टाळूजवळचा शेवटी. शेवटी का, तर डोक्याला ऊब असते. टाळूजवळचे केस त्या उबेनं लवकर उजळतात, आधी लावले तर बाकीच्यांच्या पुढे निघून जातात. ही गोष्ट तिच्या हातात इतकी भिनली होती की डोक्याला ती विचारावी लागत नव्हती. कपाळ, माथा, दोन्ही बाजू, मान. सगळीकडे पांढरं होतं म्हणून आज मधल्या बटाही सोडल्या नाहीत, एक केस सोडला नाही. मग ती स्टुलावर बसली.

फॉइल उघडून पाहिलं तेव्हा वरचा भाग बरोबर उतरला होता, पिवळसर. टाळूजवळ मात्र नारिंगी. गंजक्या पत्र्यासारखा, कपाळाच्या कडेनं डोक्यावर पट्टा ओढल्यासारखा.

“अजून ठेवायचं,” अण्णा म्हणाले.

“वरचे तुटतील.”

“मग मुळाशी का नाही धरलं?”

धाकटीनं टाळूवर उघडा हात ठेवला. दगडाइतकं गार. ती हात तसाच ठेवून उभी राहिली. एवढ्या वर्षांत हजारो डोक्यांनी तिचं अर्धं काम करून दिलं होतं आणि तिनं ते आपलं समजलं होतं.

“ड्रायर लावू का? मंद.”

“नाही,” अण्णा पटकन म्हणाले. “गरम हवा लागली की चेहरा बदलतो. मग पोरीला कोण दाखवणार? तुमच्या केसांसाठी माझं काम नासू नका.”

त्यांचं बरोबर होतं. धाकटीनं वरचं ब्लीच ओल्या फडक्यानं पुसून काढलं. पुन्हा थोडी पावडर कालवली, फक्त टाळूपुरती लावली, फॉइल मिटलं. मग हातमोजे काढले, कारण रबरातून ऊब जात नाही. एक फॉइल दोन्ही तळव्यांत धरलं आणि दाबून ठेवलं. तळवे गार पडले की अण्णांनी आणून दिलेल्या चहाच्या पेल्यावर धरायची, पुन्हा फॉइलवर.

“प्यायला दिलाय तो,” अण्णा म्हणाले.

“पिते नंतर.”

अण्णांनी तो बदलून दुसरा आणला.

फॉइलच्या कडेनं ब्लीच झिरपत होतं आणि बोटांच्या भेगांत जात होतं. तिनं ते पुसलं नाही. पुसायला हात काढावा लागला असता. एक फॉइल झालं की दुसरं. कपाळाची ओळ, भांग, कानशिलं. नारिंगी हळूहळू फिकं पडत गेलं, मग पिवळं झालं. मधाचा रंग वरून लावायच्या टोनरनं येणार होता. पण एवढ्यातच वेळ सरत आला. मागचं डोकं तसंच राहिलं. ते उशीवर टेकणार आहे, असं तिनं स्वतःला सांगितलं. धुतलं, टोनर लावला, टॉवेलनं टिपून टिपून कोरडं केलं, कंगव्यानं पुढे ओढून घेतलं. अण्णा दोन पावलं मागे गेले.

“झाली बाई माणसात,” ते म्हणाले.

भाची आली ती विमानतळावरून थेट. अंगात चुरगळलेला कोट, केस मागे गच्च बांधलेले. दारातच थांबली, मग एकदम टेबलाजवळ गेली. खूप वेळ बघत राहिली.

“तशीच आहे,” ती म्हणाली. “मावशी, केस बघ ना तिचे. एवढ्या दुखण्यातसुद्धा.”

धाकटीनं नुसती मान हलवली. बोटं पाठीमागे लपवली होती, त्यांची आग होत होती. थोरलीला दिलेला शब्द तेवढ्यापुरता पुरा झाला होता.

मग भाचीनं आईच्या मानेखाली हात घातला आणि तिला जवळ घेतलं. केस बाजूला झाले. हात काढताना तिला ते दिसलं.

“हे काय आहे? मावशी, हे मागे काय झालंय? भाजल्यासारखं.”

धाकटीचा हात केस झाकायला पुढे झाला.

“औषधानं का?”

धाकटीनं मान हलवली. होकाराची.

“असलं काय दिलं तिला? अशी दशा होईपर्यंत कुणी बघितलं नाही?” भाचीनं फोन काढून फोटो घेतला. “ती रात्रपाळीची नर्स कोण, नाव काय तिचं? आईला तीच बघायची ना? तिला आधी विचारते. सोडत नाही मी कुणाला.”

त्या नर्सनं शेवटचे आठवडे थोरलीचं अंग पुसलं होतं, ओठांवर कापसानं पाणी फिरवलं होतं, टोपी घसरली की न सांगता नीट केली होती. टोपीखालचं तिनं सगळं पाहिलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

“थांब,” धाकटी म्हणाली. “मी केलंय ते. आज सकाळी. मागचं साधलं नाही.”

“तू? का?”

“दर वर्षी मीच करते. तिच्या तिशीपासून. पांढरे झाले होते तिचे.”

भाचीनं फोन खाली केला. “पांढरे. आणि त्याच्या आधी?”

“त्याच्या आधी तपकिरी.”

“तपकिरी म्हणजे कसे?”

धाकटीची नजर भाचीच्या डोक्यावर गेली आणि भाचीनं ती पकडली.

“माझ्यासारखे?”

“हो.”

“ती माझी वेणी घालायची ना शाळेत जाताना,” भाची सावकाश म्हणाली, “तेव्हा रोज म्हणायची, कुणावर गेलीस गं, कुठून आणलेस हे सुतळीसारखे. माझे आले असते तर तुझं सोनं झालं असतं. रोज, मावशी. मी आरशात बघायचं सोडलं होतं. माहितीये तुला?”

“नाही गं.”

“तू असायचीस तिथं. हसायचीस पण.”

हे खरं होतं. धाकटी हसायची. थोरलीची खोटं बोलायची सफाई बघून हसायची. पलीकडे स्टुलावर बसलेल्या पोरीकडे तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

“दाखव मला,” भाची म्हणाली.

“काय?”

“तिचे खरे. थोडे तरी असतील. कुठंतरी.”

धाकटीनं कंगवा उचलला. कानामागे बट उचलून पाहिली. मग दुसऱ्या कानामागे. मानेवरची लव. अण्णांनी डोकं धरलं आणि तिनं माथ्यापासून मानेपर्यंत भांगामागून भांग पाडला. मध होता, मागे नारिंगी होतं. एखादा राहिला असेल म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून बघत गेली. तिच्या हातून काही राहत नसे. सलूनमध्ये तिचं नाव होतं ते त्यासाठीच.

“सकाळी होते,” ती म्हणाली. “चार बोटं होते. आता नाहीत.”

“म्हणजे तुझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा.”

“हो.”

“तुमच्या दोघींच्या शब्दावर,” भाची म्हणाली.

बाहेर पावलं वाजली. थोरलीच्या ऑफिसातल्या बायका आल्या होत्या, फुलं घेऊन. अण्णांनी दारातून विचारलं, “सोडू का आत?”

धाकटी केस सारखे करायला पुढे झाली. भाचीनं तिच्या हातातून कंगवा काढून घेतला. स्वतः आईचं डोकं उशीवर टेकवलं, मागचं नारिंगी दोन्ही बाजूंनी आत दाबलं, कपाळावरची बट जिथं असायची तिथं आणून ठेवली. हात सराईत नव्हता, पण घाई केली नाही.

“सोडा,” ती म्हणाली.

बायका आल्या, पायाशी फुलं ठेवली, डोळे पुसले. त्यांतली सगळ्यांत जुनी, थोरलीच्या शेजारच्या टेबलावर बसणारी, जवळ येऊन वाकली.

“काय केस होते बाईचे! आम्ही सगळ्या जळायचो.” तिनं भाचीच्या पाठीवरून हात फिरवला. “तुला मात्र नाही गं आले.”

“नाही आले,” भाची म्हणाली, आणि मागच्या बाईला जागा करून द्यायला बाजूला सरकली.