काकांच्या गळ्यातलं मंगळसूत्र

एमआरआयला आत जाताना अंगावर धातूचं काही चालत नाही. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या काकूंनी बांगड्या, कानातलं निमूटपणे नवऱ्याच्या हातात दिलं. मंगळसूत्रापाशी मात्र हात अडखळला. छातीतली कॅन्सरची गाठ मागेच काढून झाली होती. आता पाठ दुखत होती, पाय जड झाले होते. दुखणं मणक्यात उतरलंय का, ते बघायचं होतं.

"खिशात नका टाकू," त्या म्हणाल्या, "गळ्यात घाला."

काकांनी खरंच घातलं. आत यंत्राची ठकठक सुरू झाली आणि बाहेर काळे मणी शर्टावर घेऊन काका ताठ बसून राहिले. कुणीही हसलं नाही. सौभाग्य बाईनंच जपायचं असतं, हेच ऐकत मी मोठी झाले. त्या बाकावर ते एक पुरुष जपत होता.

काकूंना चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणलं. काकांनी आधी मंगळसूत्र त्यांच्या गळ्यात घातलं, मग खाली बसून त्यांच्या पायांत चपला सरकवल्या.

"अहो," समोर बघत काकू म्हणाल्या, "माझ्या पायांत चपला घाला ना."

रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता. काका ते चपला घातलेले पाय हातांत धरून तसेच खाली बसून राहिले.