पिंपावरचं पान

वडूजच्या बाजारातल्या चाचांना मी खोटं सांगितलं, हे आजवर घरातही बोललो नाही.

चाचा पत्र्याची पिंपं करायचे. पिंप पुरं झालं की त्यावर बोटाने टकटक करून कान लावायचे. "लय ग्वाड बोलतंय," म्हणायचे, मगच गिऱ्हाइकाला द्यायचे.

एकदा चारचौघांत त्यांनी मला विचारलं, "मास्तर, तुमी मराठी शिकवताय. पिंपाला पिंप का म्हणत्यात वं?"

मला ठाऊक नव्हतं, पण तसं म्हणवेना. म्हणालो, "पूर्वी पिंपळाच्या लाकडाची करायचे, म्हणून."

चाचा हरखले. त्या दिवसापासून ते प्रत्येक पिंपावर छिन्नीने पिंपळाचं पान काढू लागले. कुणी चेष्टा करायचं, "आवं चाचा, मग आत मुंजा बी असंल की!"

"ऱ्हाऊ दे की गड्या. पाण्याला राखण हुईल."

पुढे एका कोशात मला सापडलं, की हा शब्द पोर्तुगिजांच्या 'पिपा'वरून आला, दारूच्या पिंपांबरोबर, समुद्रावरून. तोवर चाचांचं पान गावोगाव पोचलं होतं.

आता दुकान बंद आहे. चाचा आटपाडीला लेकीकडे असतात. आमच्या दारातल्या पिंपावरचं पान गंजलंय. सकाळी पाणी भरताना मी टकटक करतो, कान लावतो. ते 'लय ग्वाड' पुन्हा त्यांच्या तोंडून ऐकावं, असं फार वाटतं. आटपाडीची एसटी घरासमोरून जाते, पण गेलो तर बोलावं लागेल.

पिंपाला पिंप का म्हणतात, याचं खरं उत्तर मी त्यांना अजून देणं लागतो.