हजेरीचा चहा

दुष्काळाच्या त्या वर्षी वडिलांना चालताना दम लागायला लागला. ते गावच्या सोसायटीचे चेअरमन होते आणि सोसायटीनेच तलवाड्याच्या रस्त्याला माळावर चारा छावणी चालवायला घेतली होती. उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांसाठी उभारलेली कमान जनावरांच्या मांडवापेक्षा मोठी होती. पाहुणे गेल्यावर तेच कापड मांडवावर चढवलं. उन्हाळाभर एका बैलाच्या डोक्यावर कापडावर छापलेल्या कुणातरी नेत्याचे जोडलेले हात होते.

बीडच्या डॉक्टरांनी वडिलांना तपासून औरंगाबादला पाठवलं. गुडघे गेलेले, त्यामुळे हृदयाच्या तपासणीसाठी फिरत्या पट्ट्यावर पळवता येणार नव्हतं. अशा माणसाला शिरेतून औषध देऊन हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंद करतात आणि रक्त कुठे कमी पोचतं त्याच्या प्रतिमा काढतात. अट एकच होती. आधीचे चोवीस तास चहा-कॉफी बंद.

आदल्या दिवशी घरात चहा झाला नाही. आईने पातेलंच पालथं घातलं. वडील डोकं धरून बसले, दुपारी छावणीत गेले आणि संध्याकाळी टवटवीत होऊन परतले. मी दिवसभर त्यांच्याबरोबरच होतो.

सकाळी दवाखान्यात नर्सने विचारलं, "चहा घेतला होता?"

"कालपासून घरात चहाच न्हाई," वडील म्हणाले. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. फॉर्मवर मी माझ्या अक्षरात लिहिलं: नाही.

औषध गेलं. छातीत काही झालं का, असं विचारल्यावर वडील म्हणाले, "काहीच न्हाई." स्वर निवडून आल्यासारखा होता. प्रतिमाही स्वच्छ निघाल्या. मी पेढे आणायला उठलोच होतो, तर डॉक्टर म्हणाले, "थांबा. पन्नास पावलांत यांना दम लागतो आणि या औषधाने काहीच जाणवत नाही? नाडीसुद्धा जागची हलली नाही. रोज किती चहा घेता?"

"दोन. एक सकाळी, एक दुपारी."

"आणि छावणीत?"

वडील गोंधळले. "छावणीतला कसा धरायचा? ती तर हजेरी हाय."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. छावणीत जनावरांमागे माणसंही राहायला आली होती. प्रत्येक दावणीशी तीन दगडांची चूल असायची आणि वडील फेरीला निघाले की प्रत्येक चुलीवरून बशी पुढे यायची. एकाची घेऊन दुसऱ्याची टाळली, तर संध्याकाळपर्यंत चेअरमन कोणत्या पॅनलला मिळाले, ते गावाला कळलेलं असायचं. तो चहा कुणी मोजत नव्हतं. काल बशीमागून बशी रिकामी होताना मी पाहिली होती, आणि मीही मोजली नव्हती.

डॉक्टरांनी समजावलं, "औषधाला जिथे बसून काम करायचं, ती जागा चहा आधीच अडवतो. मग औषध उभं राहून परत जातं. हा रिपोर्ट चांगला नाही आणि वाईटही नाही. तो धरताच येणार नाही."

खुर्ची अडवून बसणं म्हणजे काय, हे वडिलांना समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढच्या आठवड्यातली तारीख मिळाली. अडचण एवढीच की चहा नाकारायचा तर कारण सांगावं लागणार, आणि सोसायटीची निवडणूक तोंडावर असताना हृदयाचं दुखणं त्यांनी घरच्यांपासूनसुद्धा महिनाभर लपवलं होतं. मी म्हणालो, "आदल्या दिवशी छावणीत जाऊच नका."

"टँकर यायचा दिवस हाय. मी न्हाई गेलो तर डोकी फुटतील."

ते गेले. पहिल्याच दावणीशी विरोधी पॅनलमधल्या एकाची म्हातारी आई होती. तिने बशी पुढे केली. वडिलांनी हात आडवा धरला.

"कावून वो? आमच्या चहात इख हाय का?"

वडिलांनी आजूबाजूच्या दावणींकडे पाहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काळजाची तपासणी हाय उद्या, माय. चहा बंद केलाय."

"आगं बया! चेअरमनला बी काळीज हाय म्हणा की!"

दावण हसली. म्हातारीने चूल फुंकली, नुसतं पाणी तापवून कपात ओतलं आणि म्हणाली, "ह्ये घ्या. कप हातात दिसला, म्हंजी झालं." त्या उन्हाळ्यात पाण्याचा कप ही साधी गोष्ट नव्हती, तिच्या घागरीत तळाला किती उरलं होतं ते मला दिसत होतं. वडिलांनी ते सावकाश संपवलं. पुढच्या दावणींनी तिचंच पाहून तसंच केलं.

दुसऱ्या दिवशी औषध गेलं आणि वडिलांनी छातीवर हात नेला. चेहरा लाल झाला. "लई दाबल्यागत होतंय," ते म्हणाले. नर्स म्हणाली, घाबरू नका, औषध लागू पडल्याची खूण आहे, दोन मिनिटांत ओसरेल. ओसरलंही. पण या वेळच्या प्रतिमांत हृदयाचा एक भाग काळा दिसत होता. महिन्याच्या आत त्यांच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसला.

निवडणूक ते हरले. त्यानंतर बरीच वर्षं जगले.

ते गेल्यावर त्यांची फाईल माझ्याकडे आली. दोन्ही रिपोर्ट एकाच पिनेला आहेत. पहिल्या तपासणीच्या फॉर्मवर चहाच्या रकान्यात माझं वळणदार 'नाही' आहे. त्या डॉक्टरांनी त्यावर विश्वास ठेवला असता, तर मी त्या दिवशी पेढे वाटले असते.