साडूंनी मनावर घेतलेलं तैवान

माझ्या थोरल्या साडूंनी एखादं काम अंगावर घेतलं की काम होतं, पण ज्याचं काम तो माणूस शिल्लक उरत नाही. मूळचे चांदवडचे, नाशकातल्या अंबडच्या एका कारखान्यात तीस वर्षं तयार माल तपासून नापास करण्यात गेली. निवृत्तीनंतर नापास करायला काही उरलं नव्हतं. तेवढ्यात आमची लेक मुक्ता, बारावीच्या वर्षात, दिवाळीच्या फराळाला बसल्यावर म्हणाली, "मला इंजिनिअरिंग तैवानला करायचंय. शिष्यवृत्ती मिळाली तरच हं." मी चिवडा खात राहिलो. साडूंनी बशी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला फोन. "पाहुणे, तैवान तर बघितलंच, वर जपान, कोरिया, मलेशिया, सगळं बघून ठेवलंय. एक शिष्यवृत्ती लय चांगली हाय, पण पोरीचं वय दोन महिन्यांनी कमी भरतंय." हे ते अशा आवाजात म्हणाले की मी खजील झालो. मग रोजच सहाला फोन सुरू झाला. आमच्या घरात बसायला खुर्ची राहिली नाही. प्रत्येक खुर्चीवर एकेक देश पसरलेला. मुक्ताचा फोटो चार वेळा काढायला लावला, कारण तिसऱ्यात एक कान नीट दिसत नव्हता. 'मुलगी गुणी आहे' असं शिफारसपत्र कॉलेजच्या बाईंनी दिलं, ते परत घेऊन गेले: "बाई, गुणी म्हणजे काय केलं पोरीनं, ते लिहा की." दिसेल त्या कागदावर माझ्या सह्या घेऊन ठेवल्या. मुक्तानं स्वतःविषयी लिहायच्या निबंधाचे नऊ खर्डे झाले. इंग्रजी त्यांना बेताचं, ते तिच्याकडून मराठीत ऐकायचे आणि म्हणायचे, "ही दुसऱ्याच कुणाची पोर वाटतीय. पुन्हा लिही."

तैवानच्या अर्जाची मुदत संपायला आठ दिवस उरले असताना त्यांच्या हाती जन्मदाखला लागला. त्यावर मुलीचं नाव होतं मुग्धा. चूक माझीच. घोटीला, बायकोच्या माहेरी मुलगी झाली. घाईनं मी ते नाव नोंदवलं, बारशापर्यंत बायकोचं मत बदललं आणि दाखला तसाच राहिला. बाकी सगळीकडे मुक्ता.

"तीस वर्षांत असा माल पाहिला नाही मी," साडू म्हणाले.

माझा संयम संपला. "दादा, पुरे झालं! जाऊ द्या ते तैवान. नाशकात काय कॉलेजं नाहीत?"

मुक्ता उठून आत गेली. साडूंनी फाइल बगलेत मारली आणि चहा न घेताच निघाले.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. मी निवांत झोपलो. त्याच्या दुसऱ्या दिवशी मला सहालाच जाग आली. तिसऱ्या दिवशी न राहवून मीच फोन केला, तो मेहुणीनं घेतला.

"घरी कुठले? डबा घेऊन रोज घोटीला जातात. जन्मनोंदणीच्या ऑफिसातल्या बाकावर बसून असतात. साहेब म्हणाले वेळ लागेल, तर हे म्हणाले, लागू द्या."

पाचव्या दिवशी ते दुरुस्त दाखला घेऊन दारात उभे राहिले. मी माफी मागायला तोंड उघडलं.

"आधी इथं सही करा," ते म्हणाले.

जूनमध्ये पत्र आलं. मुक्तानं ते साडूंना मराठीत सांगितलं: फी माफ, राहण्याखाण्याचा खर्च मिळणार, चार वर्षं. बायकोनं त्यांच्या हातावर पेढा ठेवला. तो तसाच धरून ते बसून राहिले.

"चार वर्षं," ते म्हणाले.

"हो काका. तुम्हीच तर सांगितलं होतंत."

"सांगितलं होतं गं." त्यांनी पत्र उलटून मागं पाहिलं. "मधी सुट्टी असती ना? यायला मिळतं ना पोरींना?"

चार देशांच्या अटी तोंडपाठ असलेल्या माणसाचं हे एवढंच बघायचं राहून गेलं होतं. मुक्तानं माझ्याकडे पाहिलं. मलाही माहीत नव्हतं.

"मिळतं, काका," ती म्हणाली.

कुठं लिहिलंय, असं त्यांनी विचारलं नाही. नुसती मान हलवली.