दोन्ही फौजांचा शिपाई

लेम स्ट्राउड आमच्या ओढ्यावर आला तेव्हा त्याच्याजवळ एक खेचर, एक नांगर आणि अंगावर जुना निळा फौजी डगला होता. डगल्याची पितळी बटणं कापून त्या जागी त्याने लाकडाच्या चकत्या शिवल्या होत्या. उत्तर-दक्षिणेची लढाई संपून काही वर्षं झाली होती. नेब्रास्कात सरकार जमिनी देत होतं, आणि जो तो मागचं सगळं पुसून नव्याने डाव मांडायला येत होता.

माझा नवरा ऑरिन त्याला कॉफीला घरी घेऊन आला. बोलता बोलता सहज विचारलं, "कुठल्या फौजेत होतास?"

"दोन्ही," लेम म्हणाला.

ऑरिन हसला. लेम हसला नाही.

तो टेनेसीचा. दक्षिणेकडून लढता लढता पकडला गेला आणि उत्तरेच्या कैदी छावणीत पडला. तिथे माणसं थंडीने आणि हगवणीने मरत होती. एक दिवस साहेबाने सांगितलं, जो उत्तरेचा निळा डगला घालेल त्याला पश्चिमेच्या सरहद्दीवर पाठवू, आपल्याच लोकांवर गोळी झाडावी लागणार नाही. लेमने डगला घातला. मग सरहद्दीच्या गढीत तिथल्या मूळच्या लकोटा लोकांवर बंदूक रोखून उभा राहिला, ज्यांच्याशी त्याचं काहीच वाकडं नव्हतं. सुटून घरी गेला, तर भावाने दार उघडलं, डगला पाहिला आणि दार लावून घेतलं.

दुकानदार होबार्ट त्याला चिडवायचा, "काय लेम, आज उत्तरेचा की दक्षिणेचा?"

"आज पीठ न्यायला आलोय," लेम म्हणायचा.

पण घोळ त्याच्या स्वतःच्याच मनात होता. गवताळ मातीच्या विटांचं घर त्याने बांधलं, त्याचं दार दक्षिणेला ठेवलं. हिवाळ्याआधी ते बुजवून उत्तरेला नवं पाडलं. वसंतात पुन्हा दक्षिणेला. ऑरिन म्हणायचा, "ह्याचं आपलं तळ्यात-मळ्यात." मी विचारलं तेव्हा लेम म्हणाला, "हॅटीबाई, दक्षिणेकडे तोंड करून बसलं की कुणाची तरी वाट बघतोय असं वाटतं. उत्तरेकडे बसलं की थंडी वाजते."

पुढे जॉर्जियाहून रोडा पीव्ही नावाची विधवा शेजारच्या जमिनीवर आली. तिचा नवरा आसा कैदी छावणीत वारला होता, आणि ती छावणी लेमचीच, हे तिला होबार्टकडून कळलं. माझ्याच स्वयंपाकघरात तिने लेमला गाठलं. मी शेंगा सोलत होते.

"उंच, लाल दाढी, डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. पाहिलंत का त्यांना?"

"बाई, तिथे दाढ्या सगळ्यांच्याच वाढलेल्या. सगळे सारखेच दिसायचो."

"आणि बोटं?"

"बोटं नसलेला एक होता. मी तापात होतो तेव्हा त्याने मला आपली अर्धी भाकरी दिली."

रोडा पुढे सरकली. "मग?"

"मग मी निळा डगला घातला त्या सकाळी तो माझ्या तोंडावर थुंकला. म्हणाला, माझी भाकरी परत दे."

माझे हात शेंगांतच थांबले. रोडा त्याच्याकडे बघत राहिली आणि एकदम हसली. "मग ते आसाच. दिलेलं परत मागायची खोडच होती त्यांना. माझी अंगठीसुद्धा दोनदा मागून घेतली होती." हसता हसता तिचा चेहरा कसातरी झाला आणि ती उठून गेली.

काही दिवसांनी तिने निरोप धाडला, जमीन नांगरून द्याल का? लेम गेला. एखाद्या दिवशी ती त्याच्याशी चांगलं बोलायची, तर एखाद्या दिवशी तो डगला दिसला की आत निघून जायची. दुपारची भाकरी मात्र कुंपणावर ठेवलेली असायची. लेमला काही समजेना.

"हॅटीबाई, त्या बाईने मला माफ केलंय की नाही?"

"तिलाच विचार की."

"विचारलं. म्हणाली, मलाही कळत नाही, पण उद्या लवकर या, ऊन वाढतं."

मग एके दिवशी तो घाबराघुबरा आला. म्हणे, बोटं नसलेला तो हात बहुतेक उजवा होता. मी म्हटलं, "आता तोंड बंद ठेव." तो कसला ऐकतोय. सरळ तिच्याकडे गेला. मी दुरून पाहत होते. भर शेतात दोघं समोरासमोर, हात वर करून उभी. समोरच्या माणसाचा डावा तो आपल्या उजवीकडे दिसतो, असं ती त्याला समजावत होती. बुजगावण्यांसारखी कितीतरी वेळ उभी होती. उलगडा काही झाला नाही.

टोळधाड आली त्या वर्षी मका, गवत, लेमच्या खुंटीवरचा सदरासुद्धा टोळांनी खाल्ला. निम्मी वस्ती उठली. लेमनेही खेचरावर सामान लादलं आणि रोडाचा निरोप घ्यायला गेला. मी तिथेच होते. तिची गाय अडली होती.

"कुठे निघालात?" रोडाने मान वर न करता विचारलं.

"ठरलेलं नाही."

"मग ठरेपर्यंत हिचं डोकं धरा."

संध्याकाळपर्यंत त्याने गाईचं डोकं धरलं. वासरू जिवंत निघालं. तोवर खेचराने ओझ्यासकट बसकण मारली होती. लेमने सामान उतरवलं, आणि ते परत चढलं नाही.

त्यांनी लग्न केलं नाही. एकमेकांना शेवटपर्यंत 'मिस्टर स्ट्राउड' आणि 'बाई' म्हणत राहिली. तो हात डावा की उजवा यावर म्हातारपणीही वाद घालायची. इथे राहायचं असं लेमने कधी ठरवलं का, हे मी एकदा विचारलं होतं. त्याने डोकं खाजवलं आणि म्हणाला, "ते अजून बघायचंय."