मला न झालेला क्षय

घशात आरसा घालून डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “लॅरिंक्सला, म्हणजे तुमच्या स्वरयंत्राला, सूज आहे. गाठही दिसते. क्षयाची शंका घ्यावी लागते, पण थुंकी तपासल्याशिवाय मी तो शब्द कोणाजवळ काढणार नाही. तोवर तुम्ही एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही.”

मिशनच्या मुलींच्या शाळेत मी मास्तरीण. पावसाळ्यापासून आवाज बसलेला. ज्येष्ठमध झालं, हळद-दूध झालं. माझं मेलं सगळं आयुष्य बोलण्यावर, आणि आता तोंड बंद.

थुंकीची बाटली आगबोटीने मुंबईला गेली. धास्ती माझ्या जिवाची नव्हती. आमच्या लेकीचं, सलोमीचं लग्न ठरलं होतं, आमच्याच चर्चच्या मंडळीतल्या मार्थाबाईंच्या मुलाशी. क्षयाचं नाव निघालं की सोयरीक गेली. म्हणून आम्ही नवराबायकोने ठरवलं, खात्री होईतो चकार शब्द काढायचा नाही.

पण यांना राहवेना. चर्चच्या पाळकसाहेबांच्या बायकोला, पाळकबाईंना, एकटं गाठून यांनी सांगितलं, “नुसती शंका आहे. तुमच्यापुरतं ठेवा नि प्रार्थना करा.”

आमच्यात बुधवारच्या प्रार्थनासभेत ज्याची जी अडचण असेल ती मोठ्याने देवापुढे मांडायची रीत आहे. बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. रीत चांगली, पण तिच्या आडून काय काय बोलून घेतात आमच्या बायका! विहिरीवर केली तर चहाडी, प्रार्थनेत केली की भक्ती. त्या बुधवारी मी मागच्या बाकावर होते. पाळकबाई म्हणाल्या, “हे प्रभू, आमच्या मास्तरीणबाईंच्या घशातला क्षय दूर कर. सलोमीला त्याची बाधा होऊ देऊ नकोस.” नाव, रोग, लेक, काही सोडलं नाही. देवाला आमचा पत्ता ठाऊक नव्हता की काय?

मला ओरडायचं होतं. डॉक्टरांची ताकीद आठवून ओठ चावून बसले.

त्याच आठवड्यात मार्थाबाईंचा निरोप आला, “पोर चांगली आहे हो तुमची, पण आमचा एकुलता एक मुलगा.” विहिरीवर शेजारणी माझी कळशी दूर सारू लागल्या. सलोमी नारळ खवता खवता रडायची. मी पाटीवर लिहून तिची काय समजूत काढणार, कपाळ?

मग मुंबईचं उत्तर आलं. डॉक्टर म्हणाले, “ट्युबरकल बॅसिलस, म्हणजे क्षयाचे जंतू, नाहीत. ही सिंगर्स नोड्यूल, आवाज ताणून ताणून आलेली गाठ. गवयांना होते, मास्तरांना होते. अशाच गप्प राहिलात तर जाईल.” आणि गेली. तुमच्यापैकी कोणाचा आवाज असा बसला तर आधीच घाबरू नका. आरसा घालून बघणारा डॉक्टर गाठा.

आवाज आल्यावर मी सलोमीला घेऊन प्रार्थनासभेला गेले. पाळकबाई आनंदाने उठल्या. “प्रभू, मास्तरीणबाईंचा क्षय तू घालवलास. केवढा हा चमत्कार.” सगळे आमेन म्हणाले. “बाई, उठा, साक्ष द्या. देवाने काय केलं ते सगळ्यांना सांगा.”

म्हणजे आता क्षय पक्काच झाला की. गेलेला क्षय उलटतो हे मार्थाबाईंनाही ठाऊक, आणि त्या समोरच बसलेल्या. नाही म्हणावं तर देवाची कृपा नाकारली, हो म्हणावं तर लेकीचा गळा कापला. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला.

“मला क्षय नव्हताच,” मी म्हटलं. “पाळकबाई, तोंडातून निघालेल्या वायफळ शब्दाचा जाब न्यायाच्या दिवशी द्यावा लागतो, असं तुम्हीच मुलींना शिकवता. माझ्या लेकीला तोवर थांबायला सवड नाही. आज द्या, इथंच.”

त्यांचं तोंड उतरलं. हात जोडून, डोळे मिटून त्यांनी “हे प्रभू” म्हणून सुरुवात केली.

“डोळे उघडा,” मी म्हटलं. “त्याला सगळं ठाऊक आहे. या सगळ्यांना सांगा.”

पाळकबाईंनी डोळे उघडले. मार्थाबाईंकडे बघून म्हणाल्या, “नुसती शंका होती. क्षय मी म्हटलं. माझं चुकलं.”

मग मी साक्ष दिली. आवाज परत मिळाला, त्याचे मनापासून आभार मानले.

बाहेर पडलो तर मार्थाबाई मागून हाका मारत होत्या, “सलोमी, थांब गो, जरा थांब.” मी थांबले. सलोमीने माझा हात ओढला.

“चल आई,” ती म्हणाली. “येऊ दे त्यांना घरापर्यंत चालत.”